चोविसावी ओढ

मला नको तिथे हसू येतं. शाळेत मुख्याध्यापिका गंभीर काही सांगायला उभ्या राहिल्या की यायचं, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना यायचं. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी "तुम्हाला मासे मोजता येतील का?" असं विचारलं, तेव्हा तर पडलेलं पेन शोधायच्या निमित्ताने मी चांगलं अर्धं मिनिट टेबलाखाली होते. वर येऊन मी "किती?" एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, बाकीचे सगळे नुसते हो म्हणून गेले, उद्यापासून या.

किती, याचं उत्तर नऊ वर्षं झाली तरी पुरतं सापडलेलं नाही. आमचं सरोवर एवढं मोठं आहे की पलीकडचा काठ दिसत नाही आणि नवखी माणसं बोट बुडवून चाखून बघतात, समुद्र तर नाही ना म्हणून. पाणी गोडं आहे आणि खोल आहे, त्यामुळे आत काय चाललंय ते वरून कळत नाही. म्हणून दर वर्षी थंडी सरली की आम्ही बोट घेऊन बारा दिवस ठरलेल्या चोवीस जागी तळाचं जाळं ओढतो. जागा त्याच, जाळं त्याच मापाचं, वेग तोच आणि ओढ बरोबर दहा मिनिटांची. साडेनऊ चालत नाहीत, अकराही चालत नाहीत. सरोवरात एकूण किती मासा आहे हे देवालाच ठाऊक, आम्हाला कळतं ते एवढंच की गेल्या सालापेक्षा जास्त आहे की कमी, आणि तेही आम्ही दर साली अगदी तसंच वागलो तर.

लोक ज्या माशाला दोन्ही हातांत धरून फोटो काढतात तो आम्ही मोजत नाही. तो जे खातो ते मोजतो, म्हणजे चारामासे. बोटभर लांबीचे, रुपेरी, बिनमहत्त्वाचे दिसणारे. त्यांच्यासोबत कुणी फोटो काढत नाही. मला ते फार आवडतात, आणि हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहून ठेवते आहे.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण जे काही झालं त्यात तिचा जीव अडकलेला होता.

माझी थोरली बहीण काठावरच्या मत्स्यबीज केंद्रात आहे. मोठ्या शिकारी माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायची आणि बोटाएवढी झाली की सरोवरात सोडायची, हे तिचं काम. त्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. या वर्षी तिच्या टाक्यांत दोन लाख बोटुकली होती. दोन लाख, आणि ती प्रत्येक टाकीला वेगळ्या आवाजात हाक मारते. हिवाळाभर ती पहाटे उठून पाण्याचं तापमान बघायला जायची, आणि आई म्हणायची, माझ्या पोटी जन्मलेल्या मुलींना मी एवढं बघितलं नाही.

ही बोटुकली सरोवरात सोडायची की नाही, हे माझ्या आकड्यावर ठरतं. चोवीस ओढींची सरासरी दर ओढीला अडीचशे चारामासे किंवा त्याहून जास्त आली, तर सोडायची. कमी आली तर नाही, कारण खाणारे वाढले आणि खाणं नसलं तर दोघंही संपतात. न सोडलेली बोटुकली टाक्यांत ठेवता येत नाहीत, मावतच नाहीत. ती जातात खाद्याच्या कारखान्यात, दळायला. गेल्या वर्षी सरासरी दोनशे नव्वद होती, त्याआधी तीनशे चाळीस. उतार कुठे चालला होता ते ताईलाही दिसत होतं आणि मलाही.

म्हणून साहेबांनी आमच्या दोघींकडून कागदावर सही घेतलेली आहे: मोजणी चालू असताना आणि निकालाचं पत्र निघेपर्यंत बहिणी-बहिणींनी माशांविषयी एक अक्षर बोलायचं नाही. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, एकाच आरशासमोर केस विंचरतो. बारा दिवस आम्ही मिठाविषयी, वाळत घातलेल्या टॉवेलांविषयी आणि शेजारणीच्या नव्या पडद्यांविषयी बोललो. आठव्या दिवशी आई म्हणाली, "पडद्यांवर दोघी एवढं बोलू शकता हे मला माहीत नव्हतं. माणसासारख्या वाटायला लागलात."

मी आकडा थोडा फुगवला असता तर? हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. अकरा दिवस रोज येत होता. पण माझ्या आधी या जागेवर एक फार प्रेमळ गृहस्थ होते. जाळं रिकामं आलं की त्यांना वाईट वाटायचं आणि मग ते अंदाजाने थोडी भर घालायचे. ते निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी अशीच भर पडली, ताईची बोटुकली सुटली आणि पुढच्या वर्षी तीच मोठी होऊन कोळ्यांच्या जाळ्यात आली. डोकं भलंमोठं आणि मागे नुसती कातडी. ताईने त्यातला एक कागदात गुंडाळून घरी आणला, टेबलावर ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवशीही मला हसू आलं होतं, भीतीने, आणि ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी कानाला खडा लावला. हसण्याला नव्हे, ते काही थांबत नाही. आकड्याशी खेळण्याला.

तर बोटीवर आम्ही तिघं. कप्तानकाका, ज्यांना मी गेल्या नऊ वर्षांत एकदाही दात दाखवताना पाहिलेलं नाही. जाळं सांभाळणारा पैलवान, ज्याचं वजन ओल्या कपड्यांसकट अठ्ठेचाळीस किलो भरतं. आणि मी. पैलवान मला मोजणीबाई म्हणतो, काका मला पोरी म्हणतात.

अकरा दिवसांत बावीस ओढी झाल्या, बाराव्या दिवशी सकाळी तेविसावी. एकूण चार हजार एकशे चाळीस मासे. ओढीला एकशे ऐंशी. सगळ्यात भरलेली ओढ होती चारशे बारांची, त्या दिवशी पैलवानाने आनंदाने सगळ्यांना चहा दोनदा पाजला. अडीचशेची सरासरी गाठायला चोविसाव्या ओढीत एक हजार आठशे साठ मासे लागणार होते. हे गणित मी कागदाच्या मागच्या बाजूला केलं, मग खोडलं, मग कागद खिशात कोंबला. पाच वर्षांत एका ओढीत हजार मासे कुणी बघितलेले नव्हते. मी काठाकडे बघितलं तर मत्स्यबीज केंद्राचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

चोविसावी जागा नदीच्या मुखापाशी, उथळ. वाऱ्यामुळे ती मागे राहिली होती. दुपारी बाराच्या सुमाराला जाळं पाण्यात गेलं. काकांनी तार सोडली, खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "तळाला." मी घड्याळ दाबलं. हे घड्याळ म्हणजे धावण्याच्या शर्यतीत असतं तसं, मुठीत धरायचं, वरचं बटण दाबलं की सुरू, बाजूचं दाबलं की शून्यावर. दहा मिनिटं झाली की मी "उचला" म्हणायचं आणि काकांनी विंच, म्हणजे तार गुंडाळणारी चाकी, फिरवायची, अशी आमची पद्धत.

ओढ चालू असताना काकांना जेवायची सवय आहे. एका हाताने सुकाणू, दुसऱ्या हातात पाव. आणि जेवताना त्यांना उपदेश करायची सवय आहे. त्या दिवशी पैलवानाच्या हातून सकाळी बादली पाण्यात पडली होती, त्यामुळे विषय ठरलेलाच होता.

"पाण्यावर काम करणाऱ्या माणसाचं," काका समोर बघत म्हणाले, "लक्ष कुठे पाहिजे? हातात काय आहे, तिथे पाहिजे. बादली हातात असेल तर बादलीत. दोर असेल तर दोरात. तीस वर्षांत माझ्या हातातली वस्तू कधी गेली नाही. का गेली नाही?"

याच क्षणी एक पाणपक्षी आला, काकांच्या हातातला पाव अख्खाच्या अख्खा उचलला आणि गेला.

काकांना पत्ताच नव्हता. त्यांनी समोरच्या पाण्यावरची नजर हलवली नाही. "कारण मी सावध असतो," ते म्हणाले, हात तोंडाकडे नेला, आपल्या रबरी हातमोज्याचा अंगठा दातांत धरला, जरा चावला आणि म्हणाले, "पाव शिळा दिलाय आज."

पैलवान दोरांच्या वेटोळ्यात उताणा पडला. त्याच्या तोंडून आवाजच येत नव्हता, फक्त पाय हलत होते. माझं काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मला दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, मी कठडा धरून वाकले होते आणि दर वेळी सावरले की काका पुन्हा तो अंगठा चावत होते. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. किती वेळ ते मला विचारू नका. सगळी गोष्ट तिथेच आहे.

कारण डोळे पुसून मी मुठीतलं घड्याळ बघितलं तर त्यावर शून्य होतं. हसताना मूठ आवळली गेली आणि बाजूचं बटण दाबलं गेलं होतं.

"झाली का दहा?" काकांनी विचारलं.

"झाली असतील," मी म्हणाले. "उचला."

विंच फिरायला लागली आणि पहिल्यांदा तिचा आवाजच बदलला. मग बोटीची मागची बाजू खाली गेली. पैलवान उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तळाचा दगड आलाय." दगड नव्हता. जाळ्याचं पोट पाण्याबाहेर आलं ते रुपेरी होतं, गच्च, आणि हलत होतं. डेकवर मोकळं केलं तेव्हा मासे आमच्या बुटांवरून वाहत गेले, हौद भरला, बादल्या भरल्या, काकांच्या डब्यातही गेले. सगळे एवढे एवढे, गेल्या वर्षी जन्मलेले. चारामाशांची बारीक पिल्लं पाच वर्षं आम्हाला दिसली नव्हती, ती ही, एका जागी. पैलवान माशांत गुडघाभर उभा राहून गोल गोल फिरत होता. मी त्याला मिठी मारली. काकांना मिठी मारायला गेले तर त्यांनी हात पुढे केला, मग मी तो हातमोज्यातला हात जोरजोरात हलवला. अठराशे साठ काय घेऊन बसलात, तिथे वीस हजार असतील. माझ्या डोळ्यांसमोर ताईची दोन लाख पिल्लं शेपट्या हलवत निघाली होती.

मग काकांनी तक्ता काढला. दर ओढीला ते स्वतःच्या हाताने भरतात, मोठ्या अक्षरांत. जागा चोवीस. खोली अकरा मीटर. वेग नेहमीचा.

"वेळ?" ते म्हणाले. पेन तयार होतं.

आणि मला हसू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, नेमकं नको तिथे, आलं नाही. मी हौदातल्या माशांकडे बघितलं, छपराकडे बघितलं. दहा म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? काकांना नाही, पैलवानाला नाही, साहेबांना तर नाहीच. ती तेरा मिनिटं असतील किंवा पंधरा, मलाही ठाऊक नव्हतं, आणि हीच तर अडचण होती. जास्त ओढलं म्हणून जास्त आले की आहेतच जास्त, हे ठाऊक असलेलं एकही माणूस जगात नव्हतं. मला ते टेबलावरचं डोकं आठवलं, मोठं, मागे काही नसलेलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "हसताना घड्याळ शून्यावर गेलं."

काकांनी पेन खाली ठेवलं. "कशाला हसलीस?"

आता हे त्यांना कोण सांगणार? पैलवानाने आकाशाकडे बोट केलं, मग काकांच्या अंगठ्याकडे. काकांनी अंगठा बघितला. त्यावर दातांच्या खुणा होत्या. मग ते म्हणाले, "तरीच."

नियम असा आहे की ओढीची वेळ चुकली की ती ओढ बाद. मासे न मोजता पाण्यात परत. मग शेजारून, त्याच खोलीवर, पुन्हा ओढायचं. एका जागेला जास्तीत जास्त तीन वेळा. आम्ही फावड्यांनी ते हजारो मासे परत सरोवरात ढकलले. पैलवान प्रत्येक फावड्याला "अरे अरे" म्हणत होता. पक्षी कुठून कुठून गोळा झाले, त्यातला एक कप्तानांचा ओळखीचा असावा, कारण काका त्याच्याकडे फार बारकाईने बघत होते.

दुसऱ्या ओढीला मी घड्याळ दोरीने गळ्यात बांधलं, बाजूच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि दोघांकडे पाठ करून उभी राहिले. दहा मिनिटं. सेकंदही इकडेतिकडे नाही. जाळं वर आलं आणि पहिल्यापेक्षाही फुगलेलं आलं, आणि बोटीच्या कडेवर येऊन टेकलं मात्र, त्याचं पोट टर्रकन फाटलं. मासे एका दमात पाण्यात गेले. एक मासा पैलवानाच्या खिशात राहिला. फाटलेल्या जाळ्याची ओढही बाद.

आम्ही तिघंही डेकवर बसलो. मग पैलवानाने खिशातून मासा काढला, बघितला आणि विचारलं, "एक लिहू का?" आणि काका हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यांना समोरचा एक दात नाही, हे मला तेव्हा कळलं. तेवढ्याने आम्ही तिघंही इतके सुटलो की बोट हलायला लागली. दोन लाख पिल्लं कारखान्याच्या तोंडाशी उभी आणि आम्ही फिदीफिदी हसतोय, मला माझीच लाज वाटत होती आणि तरी थांबता येत नव्हतं.

राखीव जाळं एकच होतं. तिसरी ओढ शेवटची. पण दोनदा जाळं फिरवल्यावर मासा थोडाच तिथे वाट बघत थांबतो? काकांनी यंत्राचा पडदा दाखवला. मघाशी तळाशी माशांचा जाडजूड काळा पट्टा होता, आता नुसती पुसट रेघ.

"थांबायचं का जरा?" पैलवानाने विचारलं.

"पत्रिका वाटली नाहीये आपण," काका म्हणाले. "येतील तेव्हा येतील. वारा वाढतोय. ओढायचं."

ती दहा मिनिटं मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. काका जेवले नाहीत, बोलले नाहीत. पैलवानाने तोंडात रुमाल कोंबून घेतला होता. मी घड्याळाकडे बघत होते आणि मनातल्या मनात ताईच्या टाक्या मोजत होते, एक ते बावीस, परत एक ते बावीस. "उचला," मी म्हणाले. विंच साध्या आवाजात फिरली. जाळं आलं, धड आलं, आणि हलकं आलं. पोटाशी एक गाठोडं, बस.

मोजायची आमची एक रीत आहे. मोजणारीने बेरीज बघायची नाही, नाहीतर हवा तो आकडा हाताला लागतो. मी दहा मासे उचलून टबात टाकायचे आणि "दहा" म्हणायचं, पैलवानाने मुठीतलं मोजयंत्र एकदा दाबायचं. एकशे शह्याऐंशी दाबण्या लागणार होत्या, हे मात्र तिघांनाही पाठ होतं. पैलवानाचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक, म्हणून मी त्याला पाठ करून बसवलं.

दहा. दहा. दहा. सुरुवातीला मी मनात मोजायचा प्रयत्न केला, मग मुद्दाम सोडला. हात गारठले. मासे ओलसर, निसटते, अंगभर उडत होते. तासभर झाला. गाठोडं वाटलं होतं त्यापेक्षा खोल निघालं, बारीक मासा दाबून बसतो आणि थोडा दिसतो. तरी तळ दिसायला लागलाच. आणि मग माझं लक्ष पैलवानाच्या कानांकडे गेलं. कान गुलाबी झाले होते. मी म्हटलं दहा, ते लाल झाले. दहा. आणखी लाल. मी हळूच काकांकडे बघितलं. काका पैलवानाच्या समोर उभे होते, त्यांना यंत्र दिसत होतं, आणि ते शिट्टी वाजवायला लागले होते. दाताच्या त्या फटीतून शिट्टी नीट वाजत नव्हती, नुसती हवा जात होती.

"काका, गप्प बसा," मी म्हणाले. "मला आकडा कळतोय."

"मी कुठे काय बोललो," काका म्हणाले आणि हवा सोडत राहिले.

मी शेवटचे मासे उचलले. दहा. मग खाली एक उरला. तो मी वेगळा ठेवला. पैलवानाने मूठ उघडली. दोनशे एकतीस. म्हणजे दोन हजार तीनशे दहा, आणि हा एक.

सरासरी दोनशे अडुसष्ट. मी तीनदा भागाकार केला, काकांनी एकदा, पैलवानाने बोटांवर. मग मी डेकवर उताणी झोपले आणि आकाशाकडे बघून इतकी हसले की घसा बसला. रडतही होते बहुतेक. दोन्ही एकदम होत होतं.

साहेबांना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा म्हणवून घेतला आणि मग विचारलं, "तिसऱ्या वेळची ओढ का?"

"दुसरीला जाळं फाटलं."

"आणि पहिलीला?"

"मला हसू आलं."

"कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय?"

"कप्तानकाकांनी लिहिलंय, मोजणारीचे हसू."

"हं," साहेब म्हणाले. "खरं आहे तर राहू दे. पत्र उद्या सकाळी दहाला निघेल. तोवर बहिणीला एक अक्षर नाही. सही आहे तुमची."

मी धक्क्यावरून घरापर्यंत पळतच गेले. वाटेत किराणावाल्याने विचारलं, काय झालं, मी म्हटलं, काही नाही. टपालवाल्याने विचारलं, त्यालाही म्हटलं, काही नाही. घराच्या दाराशी उभी राहून मी चेहरा सरळ केला. गाल आत ओढले, शेजारणीचे पडदे आठवले. साडेपाच वाजत होते.

आई स्वयंपाकघरात होती. ताई टेबलाशी बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मीठ संपलंय." तिचा आवाज अगदी कोरडा होता. आईने मला खुणेने सांगितलं की आज ती जेवली नाहीये. सकाळी खाद्याच्या कारखान्याचा माणूस येऊन टाक्यांची मापं घेऊन गेला होता, हे मला नंतर कळलं.

"उद्या आणते मीठ," मी म्हणाले आणि टॉवेल उचलायला हात पुढे केला.

ताईचा हात थांबला. ती माझ्या बाहीकडे बघत होती. मीही बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत बाही खवल्यांनी चमचमत होती, बारीक बारीक, टाचणीच्या डोक्याएवढी. गळ्यावर होती, केसांत होती. एवढ्या लगबगीत मी अंग धुतलंच नव्हतं. ताईने नखाने एक खवलं उचललं. चष्म्याच्या डबीतून भिंग काढलं, खिडकीकडे वळली आणि खवलं उजेडात धरलं. झाडाच्या खोडात असतात तशी माशाच्या खवल्यात वर्षाला एक रेघ उमटते, हे तिनेच मला शिकवलं होतं.

"एक," ती म्हणाली.

तिने दुसरं उचललं. "एक." तिसरं माझ्या कानामागून काढलं. "एक." मग ती घाईघाईने माझे केस चाळायला लागली, लहानपणी उवा बघायची तशी, आणि प्रत्येक खवल्याला भिंग लावून एक, एक, एक म्हणत राहिली. सात झाली, दहा झाली. टेबलावर एक छोटी रांग झाली. चारामाशांची एक वर्षाची पिल्लं, आणि एवढी की माझ्या अंगावर मावत नव्हती.

मी ओठ दाबून छताकडे बघत होते. हसू पार नाकापर्यंत आलं होतं.

"मी काही विचारलेलं नाही," ताई म्हणाली.

"मी काही सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

"मग रडताय कशाला दोघी?" आईने दारातून विचारलं.

ताईने बोटाच्या टोकाने ती खवली एकेक करून गोळा केली आणि एका बशीत ठेवली. मग उठली, डोळे टॉवेलाने पुसले, तोच टॉवेल घडी करून ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या.

"आता कुठे निघालीस? जेवून जा," आई म्हणाली.

"येते लगेच," ताई म्हणाली. "रात्रपाळीवाला सहाला टाक्यांत खाणं टाकतो, त्याला अडवायचंय. लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी पिल्लांचं पोट रिकामं ठेवावं लागतं."